परतीचे भाडे

आमच्या गावाला आडनाव आहे. नाव धामणगाव, आडनाव रेल्वे. महाराष्ट्रात धामणगावे बरीच आहेत. बुलढाणा जिल्ह्यात एक धामणगाव बढे आहे. पण साक्षात रेल्वेचे आडनाव लावणारे घराणे आमचेच. तालुक्याचे नावही तेच. म्हणजे आमचे तहसीलदारसुद्धा रेल्वेचे, फक्त त्यांना पास मिळत नाही. बाहेरगावी पत्ता सांगितला की समोरचा माणूस विचारतो, "रेल्वेत असता का?" मी "नाही, बँकेत" म्हणतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आदर निम्म्याने उतरलेला पाहतो.

अशा घराण्यातल्या माणसाला वाहनांची जन्मजात अक्कल असणार, असा माझ्या धाकट्या भावाचा समज आहे. तो सपशेल खोटा आहे. मी बी.कॉम. वयाच्या सेहेचाळीस वर्षांत सायकल, वडिलांची जुनी लूना आणि हप्त्याने घेतलेली एक स्कूटर, एवढ्याच वाहनांशी मी संसार केला. त्यांतली लूना मला सोडून दोनदा परस्पर उतारावरून निघून गेली होती.

धाकटा शेती करतो. आमचे खेडे इथून नऊ किलोमीटर. सात एकर कोरडवाहू, त्यात कपाशी, तूर, सोयाबीन. कोठ्यात एक बैलजोडी आणि ओसरीवर आमचे वडील. एका रात्री जेवणे आटोपल्यावर धाकटा आला, पाणी प्याला, आणि खिशातून एक चकचकीत रंगीत कागद काढून माझ्यापुढे पसरला. कागदावर डोंगर होता, धबधबा होता, आणि त्या धबधब्यात, कोणाचेही काही काम नसताना, एक गाडी उभी होती. पुढे बसायला खोली, मागे उघडा हौदा.

"दादा, पिकअप घ्याची हाय."

"कायले?" मी म्हणालो. आमच्या घराण्यात कोणत्याही खरेदीवर पहिला प्रश्न हाच विचारतात. माझ्या लग्नाच्या वेळीही वडिलांनी हाच विचारला होता.

"कायले म्हंजे? सोयाबीन न्याले दुसऱ्याची गाडी, कापूस न्याले दुसऱ्याची गाडी. तो म्हंते तवा माल भराचा, तो म्हंते थे भाडं द्याचं. मायी गाडी असन तं गावाचा माल मी नेईन."

"अन् पैसे?"

"थे तं बँक देते." मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुले काईच कराचं नाई, दादा. फक्त सही कराची हाय."

फक्त सही! वाचकहो, बावीस वर्षे मी लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहत आलो आहे. 'फक्त सही' करायला आलेला जामीनदार मला दारातूनच ओळखू येतो. तो हसतमुख असतो, लवकर जायच्या घाईत असतो, आणि कागद वाचत नाही. चार वर्षांनी तोच माणूस हातात नोटीस घेऊन येतो, तेव्हा मात्र तो प्रत्येक ओळ वाचून आलेला असतो.

काही वर्षांपूर्वी कर्ज थकले म्हणून जप्त केलेला एक ट्रॅक्टर आमच्या शाखेमागच्या आवारात तीन महिने उभा होता. त्याच्या बॉनेटवर पोळ्याला लावलेला बेगड तसाच होता. डबा खायला बसलो की तो मला खिडकीतून दिसे. शेवटी मी खिडकीकडे पाठ करून बसू लागलो. त्या कर्जाचा जामीनदार कर्जदाराचा सख्खा भाऊ होता. दोघे एकाच दिवशी बँकेत आले आणि दोन वेगळ्या बाकांवर बसले. खातेउताऱ्यात न दिसणारी बाकी मला त्या दिवशी दिसली.

हे सगळे धाकट्याला सांगणे शक्य नव्हते. मी कारकुनी शिरस्त्याप्रमाणे म्हणालो, "पाहू. जरा प्रकरणाचा अभ्यास करू." सरकारी खात्यात आणि बँकेत 'नाही' हा शब्द उच्चारायचा नसला की 'पूर्वपीठिका सादर करावी' असा शेरा मारतात. मी माझ्याच टिपणावर माझाच शेरा मारला, आणि रविवारी वाचनालयात जाऊन पूर्वपीठिका लिहायला बसलो. गाडीची पूर्वपीठिका साधारण गेल्या वर्षीपासून सुरू करतात. माझी १८२५ सालापासून सुरू झाली.

वऱ्हाडात माल वाहण्याचा इतिहास बैलापासून सुरू होतो आणि पुष्कळ काळ बैलापुढे सरकत नाही. पक्के रस्ते नव्हते. इथली काळी माती उन्हाळ्यात फटीतून पाय गिळते आणि पावसाळ्यात चाक गिळते. म्हणून लांबच्या मालाला चाकच नको. माल थेट बैलाच्या पाठीवर. हा धंदा बंजाऱ्यांचा. त्यांचे तांडे गोणी लादून चालत, आणि इकडचा कापूस सुमारे पाचशे मैलांवर गंगेकाठच्या मिर्झापूरला पोचवत. तिथून तो नावेने कलकत्त्याला जाई. रोज संध्याकाळी गोणी उतरवायच्या, सकाळी पुन्हा लादायच्या. वाटेत धूळ, काटे आणि पाऊस यांचेही वजन त्यात मिसळे.

१८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस उलट्या दिशेला, मुंबईकडे रवाना केला. जुन्या गॅझेटियरात नोंद आहे, पहिली खेप एक लाख वीस हजार पौंडांची, पाचशे बैलांवर. आकडा दिसला की भागाकार करणे ही आमची व्यावसायिक खोड. बैलामागे २४० पौंड, म्हणजे १०९ किलो. धाकट्याच्या कागदातली गाडी दीड टन ओढते. म्हणजे एक पिकअप बरोबर चौदा बैल. विकाजी-पेस्तनजींची ती गाजलेली खेप धाकट्याने छत्तीस-सदतीस फेऱ्यांत संपवली असती, आणि वर डिझेलचे पैसे मला मागितले असते.

आणखी एक गोष्ट टिपणात आली. बंजारा परत येताना बैल रिकामे आणीत नसे. किनाऱ्याकडे धान्य किंवा कापूस नेला, तर तिकडचे मीठ लादून इकडे आणी. त्याने बी.कॉम. केलेले नव्हते, त्यामुळे त्याला हे सुचले असावे. मी ती ओळ लिहिली आणि पुढच्या पानावर गेलो. माणूस महत्त्वाच्या ओळीवर कधी थांबत नाही. मी तर मुळीच नाही.

१८५३ साल वऱ्हाडाला फार धावपळीचे गेले. १६ एप्रिलला मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, आणि पुढच्याच महिन्यात निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. म्हणजे आमचा अख्खा प्रांतच मुळी तारण. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. सालारजंगाने तारण सोडवण्याचा पुष्कळ खटाटोप केला, पण धनको फार शहाणा होता. शेवटी १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपये भाडे ठरवून कायमचा पट्टा झाला. कर्जाबद्दल वऱ्हाडी माणूस इतका हळवा का, याचे मूळ शोधायला दूर जायला नको.

इंग्रजाला वऱ्हाड हवे होते ते कापसासाठी. आणि कापूस हवा तर तो बंदरावर वेळेत यायला हवा. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या. इकडे भाव असा चढला की मध्य प्रांतातल्या काही शेतकऱ्यांनी बंडीच्या चाकांना लोखंडी धावांऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, असे तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. चांदीची धाव! चाक फिरले की झिजणार, झिजली की चांदी रस्त्यात सांडणार. तरीही मला त्या शेतकऱ्याचा राग येत नाही. आयुष्यात एकदा हातात पैसा आला तर तो चाकालाच लावावा, हे त्याला का वाटले, ते धाकट्याच्या हातातला रंगीत कागद पाहिल्यावर मला कळले.

१८६५ साली यादवी संपली. भाव कोसळला. मुंबईत शेअरचा फुगा फुटला, आणि त्यात तेव्हाची बँक ऑफ बॉम्बे अशी गाळात गेली की १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. हे वाचताना मला बँकेतल्या माझ्या त्या अनाम पूर्वजांची, म्हणजे कारकुनांची, फार काळजी वाटली. इतिहासकार त्यांच्याबद्दल काही लिहीत नाहीत.

रेल्वे मात्र थांबली नाही. १८६७ साली जी.आय.पी.चा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला आणि वाटेत आमच्या गावाला आडनाव देऊन गेला. तिकडे खामगावला तर शाखामार्ग आणि कापसाचा बाजार उघडायला १८७० साली खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आमच्याकडे व्हाईसरॉय आला नाही, पण यवतमाळ आले. यवतमाळला रेल्वे नव्हती. तिथला कापूस पंचेचाळीसेक किलोमीटर सडकेने बंड्यांत भरून धामणगाव स्टेशनावर येई. पुढे यवतमाळला मूर्तिजापूरहून नॅरोगेज मिळाली, तीच लाडकी शकुंतला. तिचे १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत कामावर होते. सत्तरेक वर्षांची नोकरी! आमच्याकडे साठाव्या वर्षी निरोप समारंभ करतात आणि तोवरही काहींची वाफ आधीच गेलेली असते.

परंतु वाचकहो, रेल्वे आली म्हणून बैल सुटला असे मुळीच झाले नाही. उलट त्याचे काम वाढले. आगगाडी वावरात येत नाही. वावरापासून स्टेशनापर्यंतचा प्रवास बंडीलाच करावा लागे. मोठ्या शोधांचा हा एक नियमच दिसतो, की शेवटचे दहा मैल नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर.

बंडीचेही प्रकार होते. माल वाहायची ती बंडी. पाहुण्यांना आणायची, छप्परवाली, घुंगरांची ती दमणी. हलकी, पळणारी ती रेंगी. दमणीतून उतरणाऱ्या माणसाला लोक उठून उभे राहत. बंडीतून उतरणाऱ्याला 'जरा हात लाव' म्हणत. आणि ज्याला माल किंवा पाहुणे यांपैकी काहीच न्यायचे नाही, फक्त पळायचे आहे, त्याच्यासाठी शंकरपट. आमच्या तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट अवघ्या विदर्भात नावाजलेला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. या सगळ्या काळात आमचे वडील, ज्यांनी आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नाही, निकालाची तारीख मला तोंडपाठ सांगत.

माझे स्वतःचे बंडीशी नाते कापसाच्या रांगेतले. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. पिकवायचे तुम्ही, घ्यायचे सरकारने. हंगामात खरेदी केंद्रासमोर बंड्यांची रांग लागे. मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर अशा रांगेत दोन रात्री काढल्या. भरलेल्या बंडीवर, कापसाच्या ढिगात खड्डा करून झोपायचे. वर चांदणे, खाली बैलांच्या रवंथाचा आवाज, पुढे शंभर बंड्या, मागे शंभर. वडिलांना ग्रेडर कोणता भाव लावतो आणि चुकारा कधी मिळतो याची चिंता होती. मला फक्त इतकेच वाटत होते, की आपला नंबर कधीच येऊ नये. इतक्या मऊ गादीवर मी त्यानंतर कधी झोपलो नाही.

आता मोटारी. १९४५ साली दोन महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद नावाचे गृहस्थ यांनी मिळून एक कंपनी काढली, महिंद्र अँड महंमद. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. अद्याक्षरे तीच राहिली. छापील कागद वाया जाऊ नयेत म्हणून तसे केले, असे लोक सांगतात. खरेखोटे देव जाणे, पण कारकून म्हणून मला ही कथा खरी असावी असे फार वाटते. त्यांची जीप आली. १९५४ पासून जमशेदपूरला टाटांनी जर्मन मर्सिडीजशी करार करून ट्रक बांधायला घेतले. १९५८ साली फिरोदियांनी जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी टेम्पो आणला, आणि तो इतका घरचा झाला की आज कोणत्याही कंपनीच्या मालगाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो. मॅटाडोर, टाटा ४०७, सगळे मागून आले. २००५ साली टाटांनी सातशे-साडेसातशे किलो वाहणारी एस काढली. लोकांनी तिचे इंग्रजी नाव बाजूला ठेवून बारसे केले, छोटा हाथी. पाटी वाचण्यापेक्षा नाव ठेवणे आपल्या लोकांना नेहमीच सोपे गेले आहे.

आणि पिकअप? ती अमेरिकेतली. फोर्डने १९२५ साली आपल्या मॉडेल टी मोटारीला मागे हौदा जोडून कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. तिथले शेतकरी तोवर गाडीची डिकी कापून स्वतःच हौदा ठोकत होते. पुढे १९६० नंतर युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली. अमेरिकेने चिडून १९६४ पासून परदेशी हलक्या मालमोटारींवर पंचवीस टक्के जकात बसवली. कोंबडीचा सूड ट्रकवर! कोंबड्यांचे भांडण मिटले, पण ट्रकवरची जकात अजून उठलेली नाही. भावाभावांत बांधावरून निघालेले भांडण लग्नापर्यंत कसे जाते, हे पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला यात नवल वाटणार नाही.

मला संशय होता, म्हणून मी धाकट्याचा कागद भिंगाखाली धरला. धबधब्यातली गाडी ही ती परदेशी घराण्यातली, चार दारांची, मोठी पिकअप होती. त्या जातीची टोयोटा हायलक्स २०२२ साली आपल्याकडे आली तेव्हा तिची किंमत तेहतीस लाखांच्या वर होती.

"हे घ्याची का?" मी घाबरून विचारले.

"नाई गा दादा! थे चित्रातली हाय. आपली थे खाली कोपऱ्यात छापेल हाय." कोपऱ्यात, धबधब्याच्या बाहेर, कोरड्या जमिनीवर, एक साधी पांढरी पिकअप उभी होती. दहा लाखांच्या आसपास. मला ती एकदम आमच्यातली वाटली.

पुढच्या रविवारी मी पूर्वपीठिका बगलेत मारून खेड्यावर गेलो. ओसरीवर वडील, धाकटा आणि मी. मी हिशेब मांडला. दोन लाख आपले, आठ लाख बँकेचे, साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता महिन्याला सोळा हजार आठशे. "हप्ता बारा महिने येते," मी म्हणालो, "अन् पीक एकदा. दिवाळी ते होळी पैसा असते. आखाडात काय कराचं?"

धाकट्याने उठून आत जाऊन शाळेची एक वही आणली. त्यात त्याने वर्षभर, आमच्या गावातून कोणाचा माल कधी, कुठे, किती भाड्याने गेला, हे लिहून ठेवले होते. समृद्धी महामार्गाने नागपूर किती वेळात, साध्या सडकेने किती वेळात, पथकर किती, डिझेल किती, सगळे. अक्षर वेडेवाकडे होते. बेरजा बरोबर होत्या. मी दोनदा तपासल्या. दहावीला गणितात गटांगळ्या खाल्ल्या म्हणून मी ज्याची पाच वर्षे टिंगल केली, तो हाच.

मग वडील बोलले. ते सहसा बोलत नाहीत. निकालाची तारीख तेवढी सांगतात.

"तुह्या आजानं बंडी घेतली होती, रबरी टायरची. तवा मी चौदा-पंधरा वर्साचा होतो. सावकाराकून पैसे काढले. भाड्यानं कापूस नेईन म्हने धामनगावले. दोन वर्सांत नाल्याकाठचं वावर गेलं."

नाल्याकाठचे ते दोन एकर माहीत नाहीत असा आमच्या घरात कोणी नाही. पाऊस चुकला तरी तिथे ओल राहते. अजूनही त्या बाजूने जाताना वडील मान वळवून घेतात. मी मनातल्या मनात गणित केले. १९६२-६३ साल असावे. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ चे. सहा-सात वर्षे उशीर झाला. अर्थात बँक असती तरी वावर गेलेच नसते असे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. मी तो ट्रॅक्टर पाहिला आहे.

"म्हंजे घ्याची नाई?" धाकट्याचा चेहरा उतरला.

"मी कुठं म्हनलं नाई?" वडील म्हणाले. "वावर बंडीनं नाई खाल्लं. रिकाम्या बंडीनं खाल्लं. जातानी भरून जाये, येतानी खाली ये. अर्धी वाट बैल फुकट चाले, अन् चारा पुऱ्या वाटीचा खाये. तू सांग, नागपूरहून येतानी कायनं येशीन?"

मी थक्क झालो. माझ्या टिपणाच्या दुसऱ्याच पानावर ही ओळ होती. मी दोनशे वर्षे चाललो, व्हाईसरॉय पाहिला, कोंबड्या पाहिल्या, आणि मिठाची गोणी मागेच विसरून आलो. वडिलांनी ती ओसरीवर बसल्या बसल्या उचलून समोर ठेवली.

धाकट्याने तो रंगीत कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने लिहिले होते. दोन कृषी केंद्रवाले, ठिबकच्या नळ्या आणि खते, महिन्याला इतक्या खेपा. एक किराणावाला, आठवड्याला एक खेप. शेजारी त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. फक्त सह्या!

"हे पैलेच काऊन नाई दाखोलं?" मी विचारले.

"तू इचारलं कुठं? तू तं म्हनला अभ्यास करतो."

आमच्या बँकेत असे प्रकरण आले असते तर त्यावर मी 'शिफारस योग्य' असे लिहून पुढे सरकवले असते. इथे पुढे सरकवायला कोणी नव्हते. मी तीन अटी घातल्या. पहिली, तीन हप्त्यांएवढी रक्कम कायम खात्यात बाजूला राहील. ती सुरुवातीला मी टाकीन, आणि तिला पोळ्यालाही हात लागणार नाही. दुसरी, विमा चुकायचा नाही. तिसरी अट वडिलांची होती. बैलजोडी विकायची नाही. "गाडीले डवरा जुपता येत नाई," ते म्हणाले, आणि यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

सही करताना माझा हात किंचित थरथरला. कागद प्रत्येक ओळ वाचून घेतला होता. समोरच्या कारकुनाने माझी सही नमुन्याशी ताडून पाहिली आणि म्हणाला, "जुळत नाही, साहेब. पुन्हा करा." मी पुन्हा केली.

गाडी येऊन आता आठ महिने झाले. दर महिन्याच्या पाच तारखेला मी आधी धाकट्याचे खाते पाहतो, मग माझा पगार. आखाडात एकदा बाजूला ठेवलेल्या रकमेतला एक हप्ता गेला, तो दसऱ्यानंतर परत भरला गेला. त्या दोन महिन्यांत मी खिडकीकडे पाठ करून डबा खाल्ला, हे कबूल करतो. गाडी कोठ्याशेजारच्या टिनाखाली उभी असते. बैल सुरुवातीला तिला बुजत. आता तिच्या आरशाला पाठ घासतात. डावा आरसा दोनदा बदलावा लागला. तो खर्च वहीत 'बैल' या सदरात आहे.

शनिवारी खेड्यावर जायचे असले की मी एस.टी.ची वाट पाहत नाही. बँक सुटल्यावर फाटकाजवळ उभा राहतो. धाकटा नागपूरहून येताना मला घेतो. पुढे जागा असली तर पुढे, नाहीतर मागे खताच्या पोत्यांवर. पोती कापसाइतकी मऊ नसतात, पण वर चांदणे तेच असते.

गेल्या शनिवारी मात्र किराणावाल्याचा माल तयार नव्हता, हौदा मोकळाच होता. घरी पोचलो तर वडील ओसरीवर बसलेले. त्यांनी आवाज ओळखून अंधारातूनच विचारले, "रिकामी आली का रे?"

"नाई बाबा," धाकटा म्हणाला, "दादाले आनलं ना!"

वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे रिकामीच."